का पीत नाहीस, हे विचारणारे तुम्ही कोण?

महाराष्ट्रात आज दारू न पिणाऱ्या माणसाला कारण द्यावे लागते. विडी न ओढणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. उपास करणाऱ्यासाठी तर घरची बाई न सांगता साबुदाणा भिजवते आणि त्याचे ताट वेगळे वाढते. पण चारचौघांत ग्लास बाजूला सारला की उलटतपासणी सुरू होते. 'डॉक्टरने बंद केली काय?' 'वहिनींची परवानगी नाही का?' 'माळ घातलीस की काय?' 'आमच्याबरोबर बसायला कमीपणा वाटतो?' आणि अखेरीस खांद्यावर हात टाकून, मायेचा आव आणून, 'अरे, एवढ्याने काही होत नाही!' हा जुलूम आहे. तो हसत होतो, मैत्रीच्या नावाने होतो, मंगल कार्यात होतो, म्हणून त्याचे जुलूमपण कमी होत नाही. गल्लोगल्ली राजरोस चाललेल्या या जुलमाविरुद्ध आज आम्हाला बोलायचे आहे.

आधी एक गैरसमज मुळापासून उपटून टाकू. 'हल्ली सगळेच घेतात' हे वाक्य धडधडीत खोटे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 19 टक्क्यांनी आपण दारू पितो असे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर आहे. लोक असल्या प्रश्नाला खरे उत्तर देत नाहीत, असे कोणी म्हणेल. मान्य. पुरुषांचा आकडा दुप्पट करा. तरीही न पिणारे पुरुषच जास्त भरतात. बहुसंख्य माणसे शुद्धीत जगतात आणि अल्पसंख्य पिणाऱ्यांनी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे! ज्याच्या हातात पेला आहे तो ताठ मानेने प्रश्न विचारतो, आणि ज्याचा हात रिकामा आहे तो ओशाळून पित्ताचे, अँटिबायोटिकचे, संकष्टीचे बहाणे सांगतो. धडधाकट माणसाला खोटे आजार सांगून सुटका करून घ्यावी लागते, याची आपल्याला लाज वाटत नाही काय?

कायदा काय सांगतो तेही ऐका. 1949 चा दारूबंदी कायदा या राज्यात अजून रद्द झालेला नाही. त्या कायद्याप्रमाणे विदेशी मद्य पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो, आणि तो परवाना 'आरोग्य टिकवण्यासाठी' म्हणून दिला जातो. बीअरसाठी वय 21 लागते, कडक मद्यासाठी 25. म्हणजे कागद खिशात बाळगायचा आहे तो पिणाऱ्याने. राज्यातल्या किती परमिट रूममध्ये हा कागद मागितला जातो, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. पंचवीस सोडा, मिसरूड न फुटलेली पोरे ढाब्यावर क्वार्टर मागवतात आणि कोणी वय विचारत नाही. परवान्याची चौकशी होते ती फक्त न पिणाऱ्याची, आणि ती करतात त्याचेच सोबती.

ठाणे-रायगडच्या पट्ट्यातली हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. अशाच एका मांडवात पाहिलेला एक तरुण आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नवरदेवाचा मावसभाऊ, व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकताच घरी आलेला. संध्याकाळपासून त्याने पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे हातात धरला होता. या टेबलावरून त्या टेबलावर तो सारखा फिरत होता. आम्हाला आधी वाटले, कामाचा उरक आहे पोराला. नंतर उमगले, हात मोकळा राहिला तर कोणीतरी त्यात ग्लास ठेवील म्हणून त्याने ते काम मागून घेतले होते. मांडवाच्या पलीकडच्या अंगाला बायकांत बसलेली त्याची बायको गाण्याला टाळ्या देत होती, पण नजर एका ट्रेवर खिळलेली. दोनदा त्याने मान हलवून नाही म्हटले. तिसऱ्या वेळी एका काकांनी आपला उष्टा पेला थेट त्याच्या ओठांना लावला आणि आजूबाजूचे टाळ्या पिटू लागले. त्याने ट्रे खाली ठेवला, तोंड पुसले आणि डीजेच्या भिंतीमागून चालत रस्त्याला लागला. दुसऱ्या दिवशी लग्नात घरच्यांच्या तोंडी एकच तक्रार होती: 'हळदीतून निघून गेला, काकांचा मान ठेवला नाही.' काकांनी त्याचा जीव धोक्यात घातला, असे एकानेही म्हटले नाही!

जीव धोक्यात, हे शब्द आम्ही जपून वापरत आहोत. दारू सोडलेल्या कित्येकांना डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याच्या पोटात थोडी जरी दारू गेली तरी शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तुंबते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी माणूस दगावतो. आणि आपल्याकडे 'गंमत' म्हणून कोल्ड्रिंकच्या ग्लासात गुपचूप रम ओतून देणारे वीर प्रत्येक मित्रमंडळात सापडतात. गोळी नसली तरी धोका टळत नाही. वर्षानुवर्षे दारूला सरावलेला मेंदू एका घोटाने जुन्या वाटेला लागतो. ज्याला दारूचा आजार आहे त्याच्यासाठी 'एकच' पेग नसतो. पहिला गेला की दुसरा मागायचा की नाही, हे त्याच्या हातात उरत नाही. असल्या माणसाच्या ग्लासात चोरून दारू ओतणे याला थट्टा म्हणणारा समाज आंधळा आहे. हा गुन्हा आहे आणि आम्ही त्याला गुन्हाच म्हणणार.

ही बळजबरी येते कुठून? आपल्या आग्रहातून. पंक्तीत पाहुण्याच्या पानावर दोन्ही हात आडवे असतानाही जिलबी टाकायची, 'आमची शपथ' घालायची, ही आपली जुनी रीत. त्यात माया होती हे आम्ही नाकारत नाही. पण नकार ऐकायचा नाही, नकार म्हणजे संकोच असेच धरायचे, ही खोड त्याच पंक्तीने आपल्याला लावली. जिलबीने पोट बिघडते, दारूने घर बुडते. तरी आग्रहाचा सूर तोच, शपथ तीच. समोरचा 'नको' म्हणतो म्हणजे त्याला खरोखर नको आहे, एवढी साधी गोष्ट मराठी माणसाला कधी समजणार?

ज्यांच्या नावाने आपण अभियाने चालवतो त्या गाडगेबाबांनी या आग्रहाचे कोडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सोडवले होते. बाप झिंगराजी दारूपायी गेला, घर देशोधडीला लागले, पोर मामाकडे वाढले. पुढे हाच डेबूजी स्वतः बाप झाला. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. जात नाराज होईल, उद्या कोणी दारात येणार नाही, ही भीती त्यालाही होतीच. त्या काळी भाऊबंदांचा रोष म्हणजे आजच्या मित्रांचा रुसवा नव्हता, पंक्तीतून उठवले जाण्याचा धाक होता. तरी तो डगमगला नाही. आणि आज चारचाकीतून फिरणारे, मुलांना परदेशी शिकवणारे यजमान आम्हाला सांगतात, 'काय करणार, ठेवावी लागते, लोक नावे ठेवतात!' एका निरक्षर परीट तरुणाला जे जमले ते तुम्हाला जमत नाही?

ठाणे-रायगडच्या त्याच पट्ट्यातल्या काही गावांनी आता हळदीत दारू आणि डीजे नको असे ठराव केले आहेत. त्या गावकीला आमचा मुजरा. ठराव मोडणारे निघतील, कुंपणापलीकडे बाटल्या उघडतील, हे खरे. पण गावाने एकदा 'नाही' म्हटले की एकट्या माणसाला ते म्हणावे लागत नाही, आणि त्या पाण्याचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या तरुणासारख्यांना एवढेच तर हवे असते.

शहाणी, शिकलेली मंडळी म्हणतील, हे हळदीतले, गटारीतले झाले. आमच्याकडे सुसंस्कृतपणे घेतात. तुमच्याकडे काय चालते ते आम्हाला पुरते ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत बढतीची बोलणी शुक्रवारच्या रात्री टेबलाभोवती होतात, आणि जो तिथे नसतो तो 'टीममध्ये मिसळत नाही'. न पिणाऱ्या मुलीला 'काकूबाई' म्हणतात आणि पिणारीबद्दल पाठीमागे भलतेच बोलतात. बिल मात्र सर्वांत समान वाटले जाते, लिंबूपाणी पिणाऱ्यालाही दुसऱ्याच्या व्हिस्कीचे पैसे भरावे लागतात आणि त्याने तोंड उघडले की तो चिक्कू ठरतो. घरात बैठक असली तर स्वयंपाकघरात कोण उभे असते? रात्री अकराला बोंबील तळणारी, कांदा-लिंबू चिरणारी, शेंगदाणे संपले की पुन्हा भाजून देणारी बाई. 'आमची ही फार समजूतदार आहे' असे तिच्या देखत सांगितले जाते. दारूचा थेंब न चाखता दारूभोवती आयुष्य घालवणाऱ्या लाखो बायका या राज्यात आहेत. त्यांना विचारा सुसंस्कृत पिणे म्हणजे काय ते.

आणि 'थोडी घेतली तर हृदयाला चांगली' हा मंत्र आता तरी थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर 1988 मध्येच मद्याला तंबाखूच्या पंक्तीत, पहिल्या गटातला कर्ककारक म्हणून बसवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे, स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणी ते कर्करोगाला वाट करून देते. तंबाखूच्या पुडीवर कुजलेल्या जबड्याचे चित्र छापायला लावणारे सरकार दारूच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापून समाधान मानते. दारूच्या थेट जाहिरातींना दूरचित्रवाणीवर बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी, त्याच नावाचे संगीत विकायला काढतात. घरात क्रिकेट पाहणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला ते सोड्याचे नाव वाटेल, अशी कोणाची समजूत आहे काय?

आता सरकारकडे वळू, कारण या आग्रहात सगळ्यात मोठा यजमान तेच आहे. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्याला मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्याचा निर्देश दिला आहे. झटणे कसे चालले आहे पाहा. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंजुरी दिली. डाळ-तांदूळ, वह्या-पेन्सिली आणि वाइन एकाच छताखाली! शेतकऱ्याचे भले होईल, असे कारण पुढे केले गेले. लोक खवळले म्हणून तो बेत रखडला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले, धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या वर्गाला जन्म दिला आणि तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटी रुपयांची भर पडेल असा हिशेब मांडला. दारू महाग करायला आमचा विरोध नाही, महाग झाली की खप घटतो. पण खप घटावा असे ज्याला खरोखर वाटते तो त्याच बैठकीत नवी दारू बाजारात आणत नाही. लोकांच्या पिण्यावर पगार आणि योजना चालवणारे सरकार लोकांनी पिणे सोडावे अशी इच्छा कोणत्या तोंडाने धरणार? 1880 मध्ये पुण्यात गुत्ते वाढू लागले तेव्हा जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेला खरमरीत पत्र लिहिले होते. 1908 मध्ये टिळकांच्या पाठबळावर स्वयंसेवक पुण्याच्या गुत्त्यांपुढे उभे राहिले होते. दोघांचा झगडा परक्या सरकारच्या अबकारीशी होता. आज सरकार आपले आहे, अबकारी तीच आहे.

मग बंदी हवी काय? आम्ही या प्रश्नाला बगल देणार नाही. वरून लादलेली, पोलिसांच्या भरवशावर सोडलेली बंदी हातभट्टीला आणि हप्त्याला जन्म देते, हे मुंबई राज्याने पन्नाशीच्या दशकात पुरते पाहिले. 2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती तर बंदी नसलेल्या मुंबईत. म्हणजे सूट दिली की हातभट्टी संपते, हाही भ्रमच. पण जिथे लोकांनी, विशेषतः बायकांनी, स्वतः बंदी मागितली आणि स्वतः राबवली तिथली गोष्ट वेगळी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सोबतीने गावोगावच्या लोकांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, 1993 मध्ये बंदी मिळवली आणि 2016 पासून 'मुक्तिपथ' अभियानातून ती जागती ठेवली. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये आलेली बंदी सरकारने 2021 मध्ये उठवली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, ही कारणे दिली गेली. चोऱ्या वाढल्या म्हणून चोरीवरचे कलम उठवल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. आणि हेही सांगून ठेवतो: पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके मारण्याची जी रीत एके काळी आदर्श म्हणून गाजवली गेली ती आम्हाला मुळीच मान्य नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याला फटके मारत नाहीत.

आजाऱ्याला काय हवे ते पुण्यात 1986 पासून डोळ्यांपुढे आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसे दिले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन केंद्र काढले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा गावोगावच्या शाळेच्या वर्गांत, चर्चच्या खोल्यांत संध्याकाळी भरतात. ना फी, ना आडनाव. बाकावर बसून एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि 'फक्त आजचा दिवस' म्हणत घरी जातात. या माणसांचा पराक्रम आम्हाला गडकिल्ल्यांच्या पराक्रमाहून कमी वाटत नाही. कारण लढाई एका दिवसाची नाही. कामावरून सुटल्यावर घरी जायच्या वाटेवर चार दुकाने लागतात, ती टाळायला लांबचा रस्ता धरायचा. पगाराच्या दिवशी बायकोला स्टँडवर बोलवायचे. थर्टी फर्स्टला फोन बंद ठेवायचा. जे रोज पीत असतील आणि सोडू पाहत असतील त्यांना एक कळकळीची सूचना: एकट्याने, एका झटक्यात, डॉक्टरांना न दाखवता बंद करू नका. अंगाला कंप सुटतो, भास होतात, फिट येते, त्यात प्राणही जातो. आधी दवाखाना गाठा. यात लाज कसली?

लाज वाटायची असेल तर आपल्याला वाटावी. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आले. शंभर वर्षे आपण सिंधूसाठी डोळे पुसतो आणि तळीरामाला टाळ्या देतो. पण सिंधूचा नवरा सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतो, हे किती जणांच्या ध्यानात आहे? शुद्धीवर आलेला तो माणूस प्रतिष्ठितांच्या दारी काम मागत जातो, तिथे त्याची हेटाळणी होते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिला प्याला त्याने स्वतः उचलला असेल, हा दुसरा समाजाने त्याच्या हातात दिला. आजही सोडून आलेल्या माणसाला 'बेवडा' हेच नाव चिकटलेले असते. नोकरीवर घेताना कुजबुज होते, पोरीच्या सोयरिकीत जुने उकरले जाते, आणि तोच माणूस समारंभात पेला नाकारतो तेव्हा 'मोठा साधू झाला' म्हणून हिणवतात. प्यायला तर बेवडा, सोडली तर साधू! त्याने जगायचे तरी कसे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. यजमानांनी विचारायचे तर एकदाच विचारावे, 'काय घेणार?', आणि आलेले उत्तर तिथेच संपवावे. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला घरच्यांनी भरपंक्तीत गप्प करावे. कंपन्यांनी कामाची बोलणी कामाच्या जागी, दिवसाउजेडी करावीत आणि बिल ज्याचे त्याला द्यावे. निवडणुकीत ढाब्यांवर ओल्या पार्ट्या देणाऱ्या उमेदवाराला, तो आपल्या जातीचा असो की पक्षाचा, बायाबापड्यांनी दारातून परत पाठवावे. दारूच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा कायद्याने व्यसनमुक्तीसाठी बांधून द्यावा आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यासाठी राखीव खाटा असाव्यात.

आणि एक मागणी थेट विधिमंडळाकडे. गावातले दुकान बंद करायला बायका मतदान मागतात तेव्हा मतपत्रिकेवर उभी, म्हणजे दुकान राहू द्या, आणि आडवी, म्हणजे दुकान बंद करा, अशा दोन बाटल्या असतात. बाटली आडवी व्हायची तर झालेल्या मतदानातले बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी, किंवा एकूण महिला मतदारांपैकी, निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. ऊसतोडीला गेलेली बाई, सासरी गेलेली लेक, यादीतून नाव न कमी झालेली मयत म्हातारी, या सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. हा नियम चालू ठेवणारे आमदार स्वतः निवडून येताना यादीतल्या निम्म्या मतदारांची मते मिळवतात काय? कित्येकांना झालेल्या मतदानातली निम्मीही मिळत नाहीत, तरी ते पाच वर्षे सभागृहात बसतात. जी कसोटी आमदाराला लागते तीच बाटलीला लावा. झालेल्या मतांत जास्त मते ज्या बाजूला, तो निकाल. येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती आणा, आणि विरोध करणाऱ्यांची नावे सभागृहाच्या कामकाजात नोंदली जाऊ द्या. आम्ही ती एकूणएक छापू.